ग्रोमेट आणि अ‍ॅडेनॉइड : एका भुलेखालचे दोन वेगळे निर्णय

पत्र : आमची मुलगी सव्वाचार वर्षांची आहे आणि आम्ही साताऱ्यात राहतो. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर बाईंनी सांगितले की ती हाकेला लवकर ओ देत नाही. जूनअखेरीस कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासले, तेव्हा दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साचल्याचे निघाले. टिम्पॅनोमेट्रीत (पडदा किती हलतो ते पाहणाऱ्या चाचणीत) दोन्ही बाजूंचा आलेख ‘बी’, म्हणजे सपाट, आला आणि ऑडिओमेट्रीत (ऐकण्याच्या चाचणीत) उजव्या कानाची पातळी ३५, तर डाव्याची ४० डेसिबल आली. त्यानंतर सर्दीचे सिरप आणि दोन वेळा अँटिबायोटिक झाले. आता ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी कान पुन्हा पाहिले, नाकामागचा एक्स-रे काढला आणि अ‍ॅडेनॉइड (नाकामागची मांसल वाढ) काढून दोन्ही कानांत ग्रोमेट (पडद्यात बसवायची बारीक नळी) घालू असे सांगितले. ती रात्री घोरते आणि तोंड उघडे ठेवून झोपते. ‘क’ ऐवजी ‘त’ म्हणते, म्हणजे काकाला ‘ताता’. विम्याची मंजुरी महिनाअखेरपर्यंतच आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत, वर्षभर थांबा, वय वाढले की आपोआप जाते. यजमानांना भुलेची धास्ती वाटते आणि सासूबाई कानात लसणाचे तेल घालायला सांगतात. आम्ही काय करावे? — एक आई

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती अशी, की दोन डॉक्टरांची मते एकमेकांविरुद्ध असल्याचे तुम्ही लिहिले असले तरी त्या दोघांनाही ज्या एका माहितीशिवाय मत देता येऊ नये, ती माहिती तुमच्या फाइलमध्ये नाही. जूनअखेरीस झालेली ऑडिओमेट्री ही तुमच्या मुलीची एकमेव श्रवणचाचणी आहे. त्यानंतर तीन महिन्यांहून अधिक काळ लोटला, त्यात अख्खा पावसाळा गेला, आणि आज तिला किती ऐकू येते हे कोणीही मोजलेले नाही. दुर्बिणीतून पडदा पाहून पाणी आहे की नाही याचा अंदाज बांधता येतो, पण त्या पाण्यामुळे ऐकणे किती कमी झाले आहे हे पडद्याकडे पाहून कळत नाही. म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी, आणि वर्षभर थांबायचे ठरवण्याआधीही, ऑडिओमेट्री आणि टिम्पॅनोमेट्री या दोन्ही चाचण्या पुन्हा करून घ्या. सव्वाचार वर्षांचे मूल ही चाचणी खेळता खेळता देऊ शकते, कारण आवाज ऐकू आला की ठोकळा डब्यात टाकायचा एवढेच तिला करायचे असते. तिला सर्दी-ताप नसताना, सकाळी, पोटभर नाश्ता झाल्यावर न्यावे.

तीन महिन्यांची ही मुदत मनमानी नाही. साध्या सर्दीनंतर किंवा कान दुखून गेल्यावर पडद्यामागे उरलेले पाणी बहुतेक मुलांमध्ये तेवढ्या अवधीत आपले आपण निघून जाते, आणि म्हणूनच जूनमध्ये लगेच ऑपरेशन न सुचवता थांबण्यात तुमच्या डॉक्टरांचे काहीच चुकले नाही. मात्र तीन महिने उलटूनही जे पाणी टिकून राहते त्याची चाल बदलते, ते निघून जाण्याचा वेग मंदावतो, आणि अशा मुलांपैकी निम्म्याहून अधिकांच्या कानात पुढचे सहा महिनेही ते राहू शकते. ‘आपोआप जाते’ हे दुसऱ्या डॉक्टरांचे विधान त्यामुळे खोटे नाही, पण अपुरे आहे. जाईल हे खरे असले, तरी ते जाईपर्यंत ती काय ऐकणार आणि काय गमावणार हा प्रश्न शिल्लक राहतोच.

३५ डेसिबल म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले तर तुम्हाला निर्णयाचे वजन कळेल. चांगले ऐकणाऱ्या मुलाला साधारण १५ ते २० डेसिबलपर्यंतचा हलका आवाजही ऐकू येतो. ३५ डेसिबलवर ऐकू यायला सुरुवात होणारी मुलगी घरात, शांत खोलीत, समोर बसून बोललेले बऱ्यापैकी ऐकते, आणि त्यामुळेच घरच्यांना तिच्यात काही वावगे दिसत नाही. तीच मुलगी पंख्याच्या घरघरीत आणि इतर मुलांच्या गलक्यात, बाईंनी फळ्याकडे वळून सांगितलेले वाक्य अर्धवट पकडते. ‘स’, ‘त’, ‘फ’ यांसारखे हलके व्यंजन आणि शब्दाच्या शेवटी लागणारे प्रत्यय सगळ्यात आधी निसटतात, आणि मराठीत तर वही दप्तरात ठेवायची की दप्तरातून काढायची हे शेवटच्या अक्षरांवरच ठरते. असे मूल हट्टी नसते आणि दुर्लक्षही करत नसते. हे बाईंना आजच सांगावे आणि तिला पहिल्या रांगेत, बाईंच्या समोर बसवावे, कारण या उपायाला ना भूल लागते ना विम्याची मंजुरी.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ‘अ‍ॅडेनॉइड काढून ग्रोमेट घालू’ हे एका दमात म्हटले जात असले आणि एकाच भुलेखाली उरकले जात असले, तरी ते दोन निर्णय आहेत, आणि प्रत्येकाला त्याचे स्वतःचे कारण असले पाहिजे. ग्रोमेटचे कारण कानात शोधायचे आणि अ‍ॅडेनॉइडचे कारण मुख्यतः झोपेत आणि श्वासात शोधायचे. यांची जोडी जुनी आहे. कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर यांनी १८६८ मध्ये नाकामागच्या या वाढीचे वर्णन केले तेव्हाच त्यांनी तिचा कमी ऐकू येण्याशी असलेला संबंध दाखवला होता, आणि तेव्हापासून कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या मनात हे दोन अवयव शेजारी शेजारी बसले आहेत. शेजार खरा आहे, पण म्हणून एकाच्या कारणावर दुसऱ्याचे ऑपरेशन करून टाकणे बरोबर नाही.

आधी कान घेऊ. मध्यकर्णात हवा पोहोचवणारी नळी नाकाच्या मागच्या भागात उघडते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असल्याने सर्दीत सहज बंद पडते, मग आतली हवा शोषली जाते आणि तिची जागा चिकट पाणी घेते. ग्रोमेट म्हणजे पडद्याला दिलेल्या सूक्ष्म छेदात बसवलेली, मण्याएवढी पोकळ नळी. तिचे काम पाणी उपसण्याचे आहे असे पुष्कळांना वाटते. खरे काम हवा आत जाऊ देण्याचे आहे. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळते आणि दुसरे भोक पाडले की धार सरळ लागते, तसे पडद्याच्या बाजूने हवा शिरली की आतल्या पाण्याला नाकाच्या बाजूने वाट मिळते आणि ते पुन्हा साचण्याचे कारणही काही काळ टळते. ही नळी साधारणपणे सहा ते अठरा महिने राहते आणि पडदा वाढताना तिला आपण होऊन बाहेर ढकलतो. ती काढण्यासाठी बहुधा दुसरे ऑपरेशन लागत नाही.

याचा फायदा किती, हेही स्पष्ट सांगायला हवे, कारण दवाखान्यात ते नेहमी सांगितले जात नाही. ग्रोमेट घातल्यावर ऐकणे लगेच सुधारते, पहिल्या सहा-नऊ महिन्यांत हा फरक ठळक असतो, आणि वर्षाच्या शेवटी ग्रोमेट घातलेली मुले व न घातलेली मुले यांच्यातले अंतर फारसे उरत नाही, कारण तोपर्यंत दुसऱ्या गटातल्या अनेकांचे पाणी गेलेले असते. म्हणजे आपण विकत घेतो ते प्रामुख्याने मधल्या काळाचे ऐकणे. अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलांवर झालेल्या आणि २००१ पासून टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात लवकर ग्रोमेट घातलेल्या व थांबून घातलेल्या मुलांची भाषा आणि बुद्धी पुढे सारखीच आढळली. त्यामुळे ‘आत्ता केले नाही तर मुलगी कायमची मागे पडेल’ असे कोणी म्हटले तर घाबरून जाऊ नका. तरीही तुमच्या मुलीच्या बाबतीत मधला काळ शाळेचा आहे, उच्चार घडण्याचा आहे, आणि ज्या वर्षात बाई तिला ‘लक्ष नसलेली’ ठरवू शकतात ते हे वर्ष आहे. मला या काळाची किंमत मोठी वाटते.

म्हणून माझे मत असे. नव्या चाचणीत दोन्ही कानांचे आलेख पुन्हा ‘बी’ आले आणि बऱ्या कानाची पातळी अजूनही ३० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून वाईट असली, तर ग्रोमेट घालावेत, आणि त्यासाठी आणखी वर्षभर थांबू नये. पातळी २० डेसिबलच्या आत आली असेल, किंवा एक कान पूर्ण मोकळा झाला असेल, तर ग्रोमेटचे कारण आज तरी संपले, मग फाइलमध्ये मंजुरीचा कागद असो वा नसो. आकडा या दोहोंच्या मधे लटकला, तर शाळेतली तिची अडचण किती आहे हे बाईंकडून समजून घेऊन तज्ज्ञांशी बोलावे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी ठरवून थांबणे हाही त्यात एक चांगला पर्याय असतो. टाळूला जन्मजात फट असलेली, डाउन सिंड्रोम असलेली किंवा आधीपासूनच कायमचा श्रवणदोष असलेली मुले या हिशेबात बसत नाहीत. त्यांच्याबाबत निर्णय लवकर घ्यावा लागतो.

दरम्यान दिलेल्या औषधांविषयी एक वाक्य. सर्दीची सिरपे, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडच्या गोळ्या यांपैकी कशानेही साचलेले हे पाणी जात नाही असे आज जगभरातल्या मार्गदर्शक सूचना एकमुखाने सांगतात, त्यामुळे तिसऱ्यांदा अँटिबायोटिक लिहून दिले तर ते कशासाठी, असे नम्रपणे विचारा.

आता अ‍ॅडेनॉइड. नाकाच्या अगदी मागे, पडजिभेच्या वरच्या बाजूला असलेला हा मऊ पेशींचा पुंजका, ज्याला आपल्याकडे ‘नाकामागचे मांस वाढलेय’ असे म्हणतात, तो साधारण दुसऱ्या ते सातव्या वर्षापर्यंत मोठा असतो आणि नंतर आकसत जातो. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत तो मोठा दिसणे ही बातमी नव्हे. शिवाय कानावर त्याचा परिणाम केवळ आकाराने होत नाही. त्यात जंतू ठाण मांडून बसतात आणि नळीच्या तोंडाशी सूज टिकवून धरतात, म्हणून लहान दिसणारे अ‍ॅडेनॉइड काढल्यानेही काहींच्या कानाला फायदा होतो आणि मोठे दिसणारे काढूनही काहींना होत नाही. एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरून ‘बघा, केवढे आहे’ असे सांगितले गेले, तर ते ऑपरेशनचे पुरेसे कारण मानू नये.

पुरेसे कारण कोणते? पहिले, झोपेतला श्वास. घोरणे आणि घोरताना श्वास अडणे यांत फरक आहे, आणि तो तुम्ही घरीच पाहू शकता. पहाटे तीन-चारनंतर, जेव्हा श्वासाचा अडथळा बहुधा जास्त जाणवतो, मोबाइलवर तिच्या झोपेचे दोन-तीन मिनिटांचे चित्रण करा. छाती हलते आहे पण आवाज थांबला आहे, मग एकदम दचकून मोठा श्वास घेतला, मान मागे टाकून झोपली आहे, घामाने उशी भिजली आहे, रात्री अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले आहे, दिवसा चिडचिड वाढली आहे, असे असेल तर ते चित्रण एक्स-रेपेक्षा अधिक बोलते आणि ते तज्ज्ञांना दाखवलेच पाहिजे. श्वास खरोखर अडत असेल तर कानाची चाचणी काहीही येवो, अ‍ॅडेनॉइडचा, आणि बहुधा टॉन्सिलचाही, विचार लवकर करावा लागेल. श्वास अडत नसेल आणि नुसते नाक बंद राहून घोरणे असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे नाकात मारण्याचा स्टेरॉइडचा फवारा वापरून पाहणे योग्य ठरते. त्याने कानातले पाणी जाईल अशी अपेक्षा ठेवू नका, नाक मोकळे होण्यापुरताच तो आहे.

दुसरे कारण कानाचेच आहे, पण त्याला वयाची अट आहे. अमेरिकेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नाकाचा त्रास नसलेल्या चार वर्षांखालील मुलांत केवळ कानातल्या पाण्यासाठी अ‍ॅडेनॉइड काढू नये. चार वर्षे पूर्ण झालेल्या मुलांत मात्र ग्रोमेटबरोबर ते काढल्यास पुन्हा ग्रोमेट घालण्याची पाळी कमी वेळा येते. ब्रिटनच्या २०२३ च्या सूचनाही ग्रोमेट ठरल्यावर सोबत अ‍ॅडेनॉइडचा विचार करायला सांगतात, मात्र टाळूत दोष नाही ना हे पाहूनच. तुमची मुलगी सव्वाचार वर्षांची आहे आणि तिचे नाकही बंद असते. त्यामुळे ग्रोमेट ठरलेच, तर त्याच भुलेत अ‍ॅडेनॉइड काढण्याच्या तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याशी मी सहमत आहे. ग्रोमेटची गरज नाही असे निघाले आणि झोपेत श्वासही अडत नसेल, तर एकटे अ‍ॅडेनॉइड काढायला मी आज ‘हो’ म्हणणार नाही.

त्याआधी एक प्रश्न जरूर विचारा : ‘टाळू तपासली का?’ पडजिभेला टोकाशी फाटा असणे ही टाळूतल्या झाकलेल्या फटीची खूण असू शकते, आणि अशा मुलात अ‍ॅडेनॉइड पूर्ण काढले तर बोलताना हवा नाकातून निसटून आवाज कायमचा गेंगाणा होण्याचा धोका असतो. असे क्वचितच घडते, पण बॅटरीच्या उजेडात घसा पाहण्याइतक्या सोप्या तपासणीने ते टाळता येत असेल तर ती तपासणी झालीच पाहिजे. ऑपरेशननंतर काही दिवस आवाज बदललेला वाटणे आणि आठवडाभर तोंडाला वास येणे मात्र नेहमीचे आहे.

तुमच्या यजमानांची भुलेबद्दलची धास्ती मी हसण्यावारी नेणार नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये तीन वर्षांखालील मुलांना दिलेल्या दीर्घ, म्हणजे तीन तासांहून अधिक, किंवा पुन्हा पुन्हा दिलेल्या भुलेविषयी इशारा दिला होता, आणि बहुधा त्याचीच बातमी त्यांच्या वाचनात आली असावी. तुमच्या मुलीचे वय त्यापुढे गेले आहे, नुसत्या ग्रोमेटला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि अ‍ॅडेनॉइड धरूनही हे काम सहसा तासाच्या आत संपते. तान्ह्या बाळांना दिलेल्या तासाभराच्या आतल्या एका भुलेचा पाचव्या वर्षीच्या बुद्धिमापनावर परिणाम दिसला नाही, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवले आहे. त्यांनी काळजी करायचीच तर ती योग्य जागी करावी : भूलतज्ज्ञ लहान मुलांना नियमितपणे भूल देणारे आहेत का, शुद्धीवर येईपर्यंत मुलीजवळ प्रशिक्षित परिचारिका असेल का, आणि झोपेत श्वास अडत असल्यास एक रात्र रुग्णालयात ठेवणार आहेत का. ऑपरेशनच्या आधीच्या दोन आठवड्यांत ताप किंवा छातीत कफ झाला तर तो लपवू नका, तारीख पुढे गेली तरी चालेल. घन आहार आणि दूध किमान सहा तास आधी बंद करावे लागते. ‘एक बिस्किटच तर दिले’ असे आजी-आजोबांच्या मायेने होऊ नये, कारण पोटातले अन्न भुलेत श्वासनलिकेत जाण्याचा धोका खरा असतो.

विम्याच्या मुदतीचे उत्तर छोटे आहे. मंजुरी पुन्हा मागता येते, आणि महिनाअखेर हे वैद्यकीय कारण नाही. नवी चाचणी जवळपास होत नसेल तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चौकशी करा, लहान मुलांचे कान आणि ऐकणे तपासणे हा त्या कार्यक्रमाचाच भाग आहे.

सासूबाईंना एवढेच सांगा, की पाणी पडद्याच्या आतल्या बाजूला आहे आणि तेल बाहेरच्या बाजूला पडते, त्यामुळे ते तिथे पोहोचतच नाही. आणि ग्रोमेट घातल्यावर ते नळीतून थेट आत जाईल, तेव्हा तर मुळीच घालू नये. त्यांना नातीसाठी काही करायचेच असेल, तर तिच्याशी बोलताना स्वयंपाकघरातून हाक न मारता जवळ येऊन, तिच्या तोंडाकडे पाहून, एका वेळी एक गोष्ट सांगावी. घरात विडी-सिगारेट किंवा चुलीचा धूर असेल तर मुलीला त्यापासून दूर ठेवणे हेही औषधाइतकेच आहे.

ग्रोमेट घातलेच तर पुढच्या वर्ष-दीड वर्षात कधीतरी कानातून पाणी किंवा पू येण्याची शक्यता धरून चला, ते बऱ्याच मुलांत होते. त्यावर सहसा तोंडावाटे अँटिबायोटिक लागत नाही, कानात घालायचे योग्य थेंब पुरतात. मात्र घरात पडलेली जुनी बाटली वापरू नका, कारण जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले काही थेंब ग्रोमेट असलेल्या कानातल्या आतल्या नाजूक भागाला इजा करू शकतात. रोजच्या अंघोळीला अडचण नाही, साबणाचे पाणी कानात ओतले जाऊ नये इतकेच. विहिरीत किंवा कृष्णेच्या डोहात बुडी मारायची हौस काही काळ बाजूला ठेवावी. नळी गळून पडल्यावर शेकड्यात दोन-तीन मुलांच्या पडद्याला बारीक छिद्र उरते, ते बहुतेक वेळा दुरुस्त करता येते. अ‍ॅडेनॉइड काढल्यावर नाकातून किंवा तोंडातून ताजे लाल रक्त आले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

‘ताता’विषयी तुम्ही ओझरते लिहिले आहे, पण मला ते महत्त्वाचे वाटते. ‘क’ चा ‘त’ होणे अनेक लहान मुलांत ऐकणे नीट असूनही होते आणि बहुतेकांचे चौथ्या वर्षाच्या आसपास सुटते, त्यामुळे त्याचा सगळा दोष कानातल्या पाण्यावर टाकू नका आणि ग्रोमेट घातल्याबरोबर ‘काका’ ऐकू येईल अशी आशाही धरू नका. ऑपरेशन झाले तर त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी ऑडिओमेट्री पुन्हा करून घ्या. ऐकणे सुधारलेले दिसूनही उच्चार तसाच राहिला, किंवा ऑपरेशनची गरजच निघाली नाही, तर वाचा-उपचारतज्ज्ञांना एकदा दाखवा, आणि त्यांच्याकडे जाताना जूनपासूनचे सगळे ऑडिओग्राम बरोबर न्या.